गद्रे साहेबांच्या रंगवलेल्या बल्ल्या

प्रिय नोएल, प्रिय तारा,

पुढच्या सोमवारी रंगारी येणार आहेत, म्हणून मी एकेक खोली रिकामी करते आहे. रविवारी तुमच्याशी बोलताना माझ्या हातातला फोन कलला आणि तुम्हाला मागच्या खोलीची भिंत दिसली. त्या भिंतीवर सिमेंटच्या दोन गोळ्यांत बसवलेली, बोटभर रुंदीची एक काचेची पट्टी आहे. तारानं विचारलं, हे काय आहे? तुमचे बाबा मागून म्हणाले, "आई, आता तरी ते खरवडून टाक." मी विषय बदलला. पण रंगाऱ्याला बजावून ठेवलं आहे की त्या काचेला ब्रशसुद्धा लागता कामा नये. का, ते आता लिहून ठेवते. फोनवर सांगायला गेले तर तुमचे बाबा मध्येमध्ये दुरुस्त्या सुचवतील, आणि ते तेव्हा कॉलेजच्या हॉस्टेलवर होते. त्यांनी पाहिलेलं काहीच नाही.

काचेची हकिगत सांगायची तर गद्रे साहेबांविषयी सांगावं लागेल. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं असं मला मिशनच्या शाळेत शिकवलं होतं. मी चांगलं लिहायचा प्रयत्न करून पाहिला. अर्ध्या पानात संपलं.

यमुनेपलीकडच्या आमच्या या कॉलनीत घरं एकमेकांना चिकटून आहेत. दोन घरांत मिळून एकच भिंत. आमच्या मागच्या खोलीची भिंत तीच गद्र्यांच्या जेवणघराची भिंत. सुमतीबाई, म्हणजे गद्रे साहेबांच्या पत्नी, तिकडे खलबत्त्यात वेलदोडे कुटायला लागल्या की इकडे आमच्या फडताळातले कप किणकिणायचे. सुमतीबाई गुणी बाई होत्या. त्यांच्याविषयी अर्ध्या पानात संपलं नसतं.

साहेब सरकारी बांधकाम खात्यात मोठे इंजिनिअर होते आणि तुमचे आजोबा त्यांच्या हाताखाली. हे लक्षात ठेवा, कारण निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली तरी आजोबा त्यांना पाहून उभे राहायचे. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीतून. मी एकदा विचारलं, आता कसले साहेब? तर म्हणाले, "सवय आहे गं." या घराला सगळ्यात महाग पडली ती ही सवय.

गद्रे साहेब भाजी आणायलाही टाय बांधून जायचे. खिशात एक पेन्सिल, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. शिडीवर ते चढत नसत. चक्कर येते म्हणायचे. ज्या माणसानं तीस वर्षं इमारतींवर शेरे लिहिले, त्यानं त्यातली प्रत्येक इमारत जमिनीवर उभं राहून, मान वर करून पाहिली होती. आणि तोंडात कायम दोन शब्द: "तरतूद आहे." चहात साखर कमी पडली असं सुमतीबाई म्हणाल्या तरी, तरतूद आहे. गल्लीतला दिवा लागत नाही, तरतूद आहे. म्हणजे नियमात तशी सोय लिहिलेली आहे. लिहिलेली असली की साहेबांच्या लेखी दिवा लागलेला असायचा.

तुमचे बाबा आठ वर्षांचे असताना कॉलनीच्या मराठी मंडळानं गणपतीत मुलांचं नाटक बसवलं. आम्ही ख्रिस्ती, पण मंडळात तसा फरक कोणी करत नसे. मुलांचे कपडे मीच शिवले होते. बाबा झाड झाले होते. फळ्या टाकून रंगमंच उभारला तेव्हा तपासणीसाठी अर्थातच गद्रे साहेब. ते आले, छत्रीच्या टोकानं रंगमंचाच्या पुढच्या कडेवर चार वेळा ठोकलं आणि दोन पानी टिपण लिहून दिलं. पुढची कडच का, तर तिथे सतरंजी अंथरली होती आणि पाहुण्यांना तीच कड दिसणार होती. दुसऱ्या अंकात मागची फळी सुटली आणि झाड गुडघ्यापर्यंत आत गेलं. प्रेक्षकांना वाटलं नाटकातच आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचा पाय तीन आठवडे सुजलेला होता. दुसऱ्या दिवशी साहेब टिपणाची प्रत घेऊन आले आणि सातव्या कलमाखाली निळी रेघ मारून दाखवली: मागील फळ्या घट्ट बसवाव्यात. "बघा, तरतूद होती." आजोबा म्हणाले, हो साहेब. मी बाबांच्या पायावर हळदीचा लेप लावत होते. मी काही म्हटलं नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

आता खात्यातली गोष्ट. इमारत पाडताना शेजारच्या भिंतींना आधार कसा द्यायचा, याचे नियम त्यांच्या खात्यानं एका पुस्तकात छापले होते, आणि त्यातलं ते प्रकरण गद्रे साहेबांनी लिहिलं होतं. ते त्यांना तोंडपाठ होतं. जेवणानंतर बडीशेप चघळत म्हणून दाखवायचे. प्रकरण चांगलंच होतं, मी वाचलं आहे. वरून खाली पाडत यावं, राडारोडा छतावर साठू देऊ नये, आणि शेजारची भिंत उघडी पडायच्या आधी तिला तिरके टेकू लावावेत, टेकूखाली फळी, फळीवर पाचर. पाचर म्हणजे लाकडाचा उतरता तुकडा. तो ठोकला की सैल टेकू घट्ट होतो.

पण नियम लिहिल्यावर तपासणी आली. मग साहेबांनी युक्ती काढली. बल्ल्यांचा एक संच, म्हणजे लांब सरळ लाकडी वाशांचा, त्यांनी लाल-पांढरे पट्टे देऊन रंगवून घेतला, वर आकडे घातले. कुठे पाडकाम तपासायला वरिष्ठ येणार असले की ट्रकमधून हा संच आधी पोचायचा, भिंतीला उभा राहायचा, वरिष्ठ खूश होऊन गेले की ट्रकमधून पुढच्या ठिकाणी जायचा. आजोबा तेव्हा तरुण. ट्रकमध्ये बल्ल्यांवर बसून तेच जायचे. त्यांनी ही हकिगत मला हसत हसत सांगितली होती. मीही हसले होते. एकाही जागी काही पडलं नाही, हे साहेबांचं नशीब. त्यांना मात्र ती त्यांची पद्धत वाटली.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी कॉलनीत घरं पाडून चार मजले चढवायची साथ आली. गद्र्यांनीही ठरवलं. ते दोघं समोरच्या गल्लीत भाड्याच्या घरात गेले आणि ठेकेदाराची माणसं आली.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या बाबांची आजी, न्हाणीघरात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. वयामुळे शस्त्रक्रिया नको असं ठरलं, आणि डॉक्टरांनी घरीच पलंगाला कप्पी लावून पायाला वजन बांधून दिलं. वजन म्हणजे कापडी पिशवीत तीन विटा. सहा आठवडे पलंग हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही. तो पलंग, कप्पी आणि विटा यांना पुरेल अशी खोली एकच होती. मागची. पलंग त्या सामाईक भिंतीला लागून.

म्हणजे प्रश्न अगदी साधा होता. पलीकडचं घर पाडलं की आमच्या भिंतीचा तिकडचा सगळा आधार जाणार, आणि अलीकडे सासूबाई.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी मला पुस्तकातलं ते प्रकरण उघडून दाखवलं. "वहिनी, तुम्ही काळजी करू नका. तीन टेकूंची तरतूद आहे." मी म्हटलं, टेकू कधी लागणार? म्हणाले, लेखी द्या. मी लेखी दिलं, तारीख घालून, दोन प्रतींत. त्यांनी लेखी उत्तर दिलं, नियमानुसार आधार पुरवण्यात आला आहे. उत्तर आलं तेव्हा भिंतीजवळ एक काडीसुद्धा उभी नव्हती.

दोन दिवसांनी टेकू आले. लाल-पांढरे पट्टे, आकडे. साहेबांनी ठेकेदाराकडूनही तसाच संच रंगवून घेतला होता. मी आजोबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसायला लागले.

मजूर जेवायला गेले होते तेव्हा मी पदर खोचला आणि त्या आवारात शिरले. पाडकामाचा मिस्त्री बनवारी विटांवर बसून बिडी ओढत होता. पानिपतकडचा म्हातारा माणूस, भुवयांवर चुन्याची धूळ. मी विचारलं, हे टेकू पक्के आहेत ना? तो उठला, बिड्यांच्या बंडलावरचा कागद काढला आणि पहिल्या बल्लीच्या पायाशी, बल्ली आणि पाचर यांच्या मध्ये सरकवला. दोन बोटांनी ओढला. कागद अलगद बाहेर आला.

"कागज निकल आया तो समझो बल्ली छुट्टी पर है, बहनजी."

मग त्यानं मला वर बघायला सांगितलं. तिन्ही बल्ल्यांची वरची टोकं तारेनं बांधून भिंतीतल्या खिळ्यांना अडकवली होती, पडू नयेत म्हणून. म्हणजे बल्ल्या भिंतीला धरून नव्हत्या. भिंत बल्ल्यांना धरून होती. मी विचारलं, पाचर का ठोकत नाही? तो म्हणाला, साहेबांनी मना केलं आहे, ठोकलं की रंग उडतो आणि महापालिकेचा निरीक्षक यायचा आहे. तो येऊन गेला की संच नोएडाच्या कामावर जाणार. मग आमच्या भिंतीचं काय, असं मी विचारलं तेव्हा त्यानं बिडी विझवली. त्याच्या हातात हुकूम नव्हता, हातोडा होता, एवढंच तो म्हणाला.

घरी येऊन मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, साहेबांनी काही तरी विचार केला असेल. एवढ्या वर्षांच्या संसारात मी आजोबांवर आवाज चढवल्याचे प्रसंग मोजके आहेत, आणि हा त्यातला नाही. मला त्यांचा इतका तिटकारा आला होता की आवाजच निघाला नाही.

शनिवारी सकाळी निरीक्षक आला. साहेबांनी त्याला जमिनीवर उभं राहून बल्ल्या दाखवल्या, त्यानं जमिनीवर उभं राहून पाहिल्या, सही केली, गेला. अर्ध्या तासात गल्लीच्या तोंडाशी ट्रक लागला. वर, आमच्या भिंतीत अडकलेल्या गद्र्यांच्या छताच्या कडेला घण पडायला सुरुवात झाली.

मी आजोबांना म्हटलं, "साहेबांना चहाला बोलवा. म्हणावं, आई आजारी आहेत आणि तुम्ही अजून भेटायला आला नाहीत." हे त्यांना लागू पडलं. आजाऱ्याला भेटायला न जाणं साहेबांच्या शिस्तीत बसत नव्हतं. ते आले, टाय बांधून, हातात मोसंब्यांची पिशवी. आजोबा उभे राहिले. मी साहेबांना मागच्या खोलीत नेलं.

खोलीत दोन खुर्च्या होत्या. एक दाराजवळ, एक पलंगाच्या उशाशी, भिंतीला टेकून. साहेब दाराजवळच्या खुर्चीकडे वळले. सासूबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "तिथं नको, गद्रे. भिंतीकडच्या खुर्चीत बसा. मी दिवसभर तिथंच असते."

सासूबाई शाळामास्तरीण होत्या. बस म्हटल्यावर माणूस बसायचा. साहेब बसले. मी चहा दिला. पलीकडे घण पडला. छतातून वाळूची एक बारीक धार आली आणि साहेबांच्या कपात पडली. त्यांनी कप बाजूला ठेवला आणि प्रकृतीची चौकशी केली. सासूबाईंनी सविस्तर उत्तर दिलं. वेदना, गोळ्या, झोप. मध्ये मध्ये घण पडत होता. साहेबांची नजर पलंगाच्या पायथ्याकडे गेली. कप्पीवरून लोंबणारी ती विटांची पिशवी प्रत्येक घणाला थरथरत होती, आणि थरथरली की सासूबाईंच्या कपाळावर आठी येत होती. बोलणं त्यांनी थांबवलं नाही.

मग एक मोठा घाव बसला. पिशवी घड्याळाच्या लंबकासारखी हलली, सासूबाईंच्या तोंडून कण्हल्याचा आवाज निघाला, आणि साहेबांच्या खांद्याच्या वर, भिंतीवरच्या घड्याळाच्या कोपऱ्यापासून खाली, एक केसासारखी रेघ उतरली. आमच्या डोळ्यांदेखत. चुन्याचे पापुद्रे साहेबांच्या कोटावर पडले.

ते उठले. एवढ्या झटक्यात उठताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दाराशी पोचले आणि तिथून म्हणाले, "वहिनी, आईंना पलीकडच्या खोलीत हलवा. लगेच."

मी म्हटलं, "त्यांना हलवता येत नाही, साहेब. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता ते दोन शब्द येणार. आले नाहीत. ते चपला न घालता बाहेर गेले.

मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी आधी घण थांबवला, मग ट्रक. दोन बल्ल्या ट्रकमध्ये चढल्या होत्या त्या उतरवल्या. बनवारीनं माती चोपून खाली जाड फळ्या घातल्या, भिंतीलाही फळी लावली, त्यात बल्ल्यांची टोकं अडकवली. आणि मग आजोबा, हो, तुमचे आजोबा, स्वतःहून बाहेर गेले आणि एक बल्ली धरून उभे राहिले. बनवारीनं पाचर हातात घेतली. तेव्हा गद्रे साहेबांनी, ज्यांनी ते प्रकरण लिहिलं होतं, मिस्त्रीला विचारलं, "कितना ठोकना होता है?"

बनवारी म्हणाला, "जब तक कागज ना निकले, साहब."

साहेबांनी वही काढली आणि ते लिहून घेतलं.

संध्याकाळपर्यंत तिन्ही बल्ल्या घट्ट झाल्या. पट्ट्यांचा रंग पार उडाला होता. मग बनवारी आमच्या खोलीत आला, गद्र्यांच्याच खिडकीच्या फुटक्या तावदानातली एक पट्टी घेऊन. ती त्यानं रेघेवर आडवी ठेवली आणि दोन्ही टोकांना सिमेंट थापलं. भिंत पुढे हलली तर आधी काच तडकेल, म्हणजे आपल्याला कळेल, असं त्यानं सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, तडकली तर मी काय करायचं? त्यानं त्यांच्या पायाकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "नहीं टूटेगी, माताजी. मैंने ठोकी है."

तुम्हाला वाटत असेल की साहेब बदलले. मंडळाच्या पुढच्या सभेत त्यांनी भाषणात सांगितलं की शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी आपण वेळीच तरतूद केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी वाजवल्या नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं नोंदवते. पुढे त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. साहेब खात्यात नव्हते, पण त्यांनी पत्र पाठवून त्या प्रकरणात एक वाक्य घालायला लावलं: प्रत्येक टेकूची पाचर रोज सकाळी कागद सरकवून तपासावी. प्रस्तावनेत त्यांचे आभार मानले आहेत, दीर्घ अनुभवाबद्दल. अनुभव पाऊण तासाचा होता, आणि तो माझ्या सासूबाईंच्या खोलीत आला होता. बनवारीचं नाव कुठे नाही. त्याचं आडनाव मलाही माहीत नाही, आणि ते विचारलं नाही याबद्दल मी दुसऱ्या कोणाला नावं ठेवू शकत नाही.

नवं बांधकाम आमच्या भिंतीला येऊन भिडेपर्यंत बल्ल्या काही महिने उभ्याच होत्या. दिल्लीतली थंडी पडली. एका सकाळी धुकं इतकं होतं की समोरचा दिवा नुसता पिवळा डाग दिसत होता. मी सासूबाईंचा चहा घेऊन खिडकीशी आले. पलीकडच्या आवारात कोणी तरी उकिडवं बसलं होतं. माकडटोपी, मफलर, मफलरमधून बाहेर आलेलं टायचं टोक. गद्रे साहेब. एकटेच. त्यांनी कोटाच्या खिशातून आपलं जुनं व्हिजिटिंग कार्ड काढलं, ज्यावर हुद्दा तीन ओळींत होता, आणि पहिल्या बल्लीच्या पाचरीत कोपरा जेमतेम घुसवला. दोन्ही हातांनी ओढला. कार्ड फाटलं. अर्धं आतच राहिलं. हातातल्या तुकड्याकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं, तो खिशात ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि दुसऱ्या बल्लीकडे गेले.

मी खिडकी उघडली नाही. सासूबाईंनी विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही.

त्या महिन्यातच ते दोघं मुलाकडे बडोद्याला गेले. नव्या घरात राहायला ते आलेच नाहीत, तिथेच वारले. सासूबाईंचं हाड जुळलं. त्या काठी घेऊन आणखी सहा वर्षं चालल्या आणि त्याच खोलीत, त्याच पलंगावर, झोपेत गेल्या. आजोबाही गेले. पलीकडच्या चार मजल्यांत आता कोण राहतं ते मला नीट माहीत नाही.

भिंत उभी आहे. घड्याळाखालची रेघ होती तेवढीच आहे. काल मी चष्मा लावून, खुर्ची जवळ ओढून पाहिलं. काच अखंड आहे.

तुमची,
आजी